फेरीवरची पंधरा मिनिटं

संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत होतो. पाऊस असा की छत्रीचा काही उपयोग नाही. तेवढ्यात मागून हाक आली, "सर!" गेल्या वर्षीचा विद्यार्थी. गणिताचा पेपर तिसऱ्यांदा देतोय. डोळे खोल गेलेले. म्हणाला, "रात्री तीनपर्यंत बसतो सर, तुम्हीच सांगितलेलं ना, जिद्द सोडायची नाही."

वर्मी लागलं. हे वाक्य मी दरवर्षी फेकतो, फुकटात.

सी. आर. स्नायडर या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये आशेची फोड केली होती: 'मी करू शकतो' हे बळ हवंच, पण तिथवर पोचायच्या वाटाही दिसायला हव्यात. पोराकडे बळ भरपूर, वाट मात्र एकच. तेच गाईड, तीच गणितं, तीच चूक. झोपेचं खोबरं झालं ते वेगळंच.

फेरीत उभ्यानेच त्याच्या झेरॉक्सच्या पाठीमागे लिहिलं: रोज फक्त दोन गणितं, जुन्या पेपरातली. अडलं तर शनिवारी माझ्याकडे. अकराला झोप. शाई पावसाने पसरली, त्याने फोटो काढून ठेवला.

"आणि अगदीच जड झालं तर?" त्याने हळूच विचारलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत. "घरी सांगितलंयस?" विचारलं तर नुसती मान हलवली. नाही.

चोडणला उतरल्यावर म्हणाला, "शनिवारी किती वाजता येऊ?"

चारला बोलावलंय. आई भजी करणार आहे.