ह्याच्या सिड्या कुठी भेटतीन?

२००७ ला केळीचा एक बाग बऱ्या भावात गेला आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काही कुरकुर न करता टीव्हीला हो म्हटलं, म्हणून दिवाळीच्या आधी जळगावहून बत्तीस इंची एलसीडी आणला. दुकानात त्यांनी जी क्लिप लावलेली होती ना, त्यात माशाचा खवला न खवला दिसत होता, अन् घरी सावद्याला आणून केबल जोडली तर बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा पाण्यात भिजलेल्या पेपरसारखा. माय म्हणे जुना डबडाच बरा होता, निदान माणसं ओळखू यायची.

चूक टीव्हीची नव्हती. त्याच्यावर एचडी रेडी लिहिलेलं होतं, पण रेडी म्हणजे तो ताट घेऊन बसलाय, वाढायचं तुम्ही. पॅनल १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा, आपली डीव्हीडी ७२० बाय ५७६ ची, केबल तर त्याहून गयीगुजरी, आणि डीटीएचवर भारतात तेव्हा एचडी नव्हतंच. मग खरं एचडी पाहिजे असेल तर डिस्क. ती एकच असती तर काही प्रश्नच नव्हता, पण होत्या दोन, ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी, अन् एकीच्या मशीनमध्ये दुसरी चालत नाही. दोन्ही चालतील असं एक मशीन एलजीने त्याच वर्षी काढलेलं होतं पण किंमत हजार डॉलरच्या वर, ते वाचून लगेच पान बदललं.

माझं सावद्यात मोटारपंप आणि ठिबकचं दुकान आहे. महिनाभर रोज रात्री दुकान बंद केल्यावर बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर हेच वाचत बसायचो, लाइट असली तर. बायको म्हणायची एवढा अभ्यास डिप्लोमाला केला असता तर.

दोघींचा लेझर एकच, निळा-जांभळा, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा लाल असतो ६५० चा. आकडा कमी तसा ठिपका बारीक, आणि ठिपका बारीक झाला की ओळी जवळ जवळ लावता येतात. मला हे केळीवरून समजलं. पाच बाय पाच फुटावर लावली तर एकरात साडेसतराशेच्या आसपास खोडं बसतात, अंतर कमी केलं की त्याच एकरात जास्त. डीव्हीडीत दोन ओळींमध्ये ०.७४ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अंतर, एचडी डीव्हीडीत ०.४०, ब्लू-रेत ०.३२. वावर तेच, बारा सेंटिमीटरची तबकडी. म्हणून डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतो, एचडी डीव्हीडीच्या १५ आणि ब्लू-रेच्या २५, दोन थर केले तर ३० विरुद्ध ५०.

हे वाचल्यावर कोणीही म्हणेल ब्लू-रे घे. मी पण आधी तेच म्हटलं. पण ब्लू-रेला इतकं दाट लावायचं म्हणून डेटा पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर खाली आणावा लागला आणि त्यासाठी कारखान्यात नवीन मशिनरी लागायची, एचडी डीव्हीडीने मात्र डीव्हीडीसारखंच ०.६ वर ठेवलं त्यामुळे जुन्याच लाइनवर थोडा फेरफार करून ती निघायची. बैल तेच, अवजार तेच. आणि कोठार मोठं आहे म्हणून धान्य चांगलं असतं असं थोडंच आहे, ब्लू-रेच्या सुरुवातीच्या कितीतरी डिस्क एकाच थराच्या आणि एमपेग-२ ह्या व्हिडिओ दाबून भरायच्या जुन्या पद्धतीने भरलेल्या होत्या, एचडी डीव्हीडीवाले व्हीसी-१ ही नवी पद्धत वापरून कमी जागेत तितकंच चांगलं चित्र बसवायचे.

मग पैसा. माझा मोठा मेव्हणा न्यू जर्सीत, डिसेंबरात घरच्या लग्नाला येणार होता, त्याच्याकडून मागवायचं ठरलेलं. त्याने सांगितलं, दाजी, सगळ्यात स्वस्त ब्लू-रे म्हणजे प्लेस्टेशन ३, ते गेम खेळायचं मशीन, नवीन चाळीस जीबीवालं ३९९ डॉलरला आहे. डॉलर तेव्हा चाळीसच्या आसपास होता, म्हणजे सोळा हजार. आणि नोव्हेंबरच्या दोन तारखेला वॉलमार्टने एचडी डीव्हीडीचा प्लेयर शंभर डॉलरच्या आत लावला. चार हजार! वर पाच डिस्क पोस्टाने फुकट मागवायची स्कीम. ह्याच्यापुढे मायक्रॉन कोण बघतो.

तरी एक गोष्ट मी नीट बघितली होती ती म्हणजे रीजन. ब्लू-रेने जगाचे तीन तुकडे केलेले, ए, बी आणि सी, अमेरिका ए मध्ये आणि आपण सी मध्ये, रशिया-चीनच्या पंगतीत. म्हणजे अमेरिकेहून आणलेला ब्लू-रे प्लेयर आणि पुढे-मागे भारतात निघालेली डिस्क, यांचं जमेलच असं नाही. एचडी डीव्हीडीला रीजनची भानगडच नव्हती. हे कळलं त्या रात्री मी इतका खूष झालो की बायकोला उठवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वहीतले सगळे आकडे घेऊन नानांपुढे बसलो. ते ओट्यावर तंबाखू मळत होते. सगळं ऐकून घेतलं, फुंकर मारून चुना उडवला आणि म्हणे, "ते ठीक हाये भो, पन ह्याच्या सिड्या कुठी भेटतीन?"

म्हटलं नाना, सिड्या नाही, एचडी डीव्हीडी.

"तेच रे. सावद्यात भेटतीन का?"

नाही.

"जयगावले?"

नाही. पण दुसरीच्या पण नाही भेटत, दोघींचं सारखंच आहे.

"मंग कोनाच्या पह्यले येतीन ते पाय ना."

आता खरं सांगतो, दुकानात गिऱ्हाईक आलं की मी स्वतः हेच बोलतो. दोनशे रुपये वाचवायला भलता पंप नेऊ नको काका, सील अन् इंपेलर कुठे मिळतं ते आधी विचार. पण त्या दिवशी मी गिऱ्हाईक होतो ना. नानांना म्हटलं तुम्हाला त्यातलं कळत नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच वहीत होतं, मी फक्त बेरीज चुकवली. पिच्चर काढणाऱ्या कंपन्यांपैकी सोनी, डिस्ने, फॉक्स ब्लू-रेकडे. युनिव्हर्सल एकटं एचडी डीव्हीडीकडे. पॅरामाउंट आधी दोन्हीकडे होतं ते ऑगस्टमध्ये ब्लू-रे सोडून इकडे आलं, त्यावरून मला वाटलं वारं आपल्या बाजूने आहे. वॉर्नर दोन्ही डगरींवर हात ठेवून. मी लिहिलं, बरोबरी. आणि प्लेस्टेशन मी मोजलंच नाही, पोरांचं खेळणं म्हणून सोडून दिलं, पण घरोघरी गेलेलं प्रत्येक खेळणं ब्लू-रेचा प्लेयरच होतं की.

असो. मेव्हणा डिसेंबरच्या शेवटी आला, प्लेयर आला, आणि मागे लिहिलेलं १२० व्होल्ट. हे दोघांनाही आधी सुचलं नव्हतं, आणि माझा धंदा मोटारीचा!

शेजारी वायंडिंगचं दुकान आहे, मिस्तरीला म्हटलं दोनशे तीसचे एकशे दहा करून दे. त्याने प्लेयर उचलून पाहिला, म्हणे एवढ्याशा डब्याला कशाला, आणि जुन्या स्टॅबिलायझरच्या स्टॅम्पिंगा काढून, बॉबिनवर नवी तार गुंडाळून, वार्निश मारून दोन दिवसांत ट्रान्सफॉर्मर हातात दिला. वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी चार टॅपिंग, म्हणजे तारेची टोकं, काढलेली, कारण आमच्याकडे व्होल्टेज संध्याकाळी एकशे ऐंशी आणि पहाटे अडीचशे, तेव्हा आधी मीटर लावून बघायचं, त्याप्रमाणे चकती फिरवायची, मग प्लेयर चालू करायचा. पत्र्याच्या पेटीत बसवून वर हिरवा दिवा पण लावून दिला, माझ्याकडून फक्त तारेचे पैसे घेतले. सगळं झकास, फक्त लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर लावला की तो ट्रान्सफॉर्मर असा घुमायचा की जसं काही पेटीत भुंगा कोंडलाय, अन् हात लावला तर चटका. म्हणून पिच्चर बघायचा तो लाइट असतानाच.

पहिल्या रात्री सगळं घर जमलं. डिस्क टाकली की लोड व्हायला इतका वेळ घ्यायचा की मायने तेवढ्यात शेंगा फोडून घेतल्या. आणि मग चित्र आलं. त्या स्वस्त मॉडेलमधून १०८०पी, म्हणजे सगळ्या रेषा एकदम, नाही, १०८०आयच, म्हणजे एकाआड एक रेषा, निघायचं, आणि आमचा टीव्ही त्याहून कमी रेषांचा, पण तरी काय सांगू, म्हाताऱ्या नटाच्या दाढीचे खुंट मोजून घ्या, जाकिटाची चेन कुठे उसवलीय ते दिसतंय. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, कोणी बोलत पण नव्हतं. नाना टीव्हीच्या इतके जवळ जाऊन बसले की मागच्यांना दिसेना. साडेअकराला वावरात थ्री फेज यायची तेव्हा बॅटरी घेऊन उठले, दारातून मागे वळून म्हणे, थांबव, मोटार लावून येतो. तासभर आम्ही सगळे ते थांबवलेलं चित्र बघत बसलो.

हे सुख एक आठवडा टिकलं. ५ जानेवारी २००८, शनिवार, सकाळी कॉम्प्युटर लावला तर बातमी. आदल्या दिवशी वॉर्नरने जाहीर करून टाकलेलं, मे अखेरपर्यंत दोन्हीकडे आणि नंतर फक्त ब्लू-रे. मी दोनदा वाचली. मेव्हणा अजून आमच्याकडेच होता, चहा पीत होता, त्याला सांगितलं तर पहिलं वाक्य काय, "दाजी, खोकं फेकलं तर नाही ना?" म्हणजे अमेरिकेत वस्तू परत घेतात ठराविक दिवसांत, खोकं आणि बिल असलं की झालं, तो जाताना घेऊन गेला असता. खोकं फेकलं नव्हतं. मायने त्यात बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, भरून वरून सुतळीने बांधून त्याच्याच बायकोसाठी तयार ठेवलेलं होतं, आतलं थर्माकोल पोरांनी चुरून टाकलेलं. बिबड्या तेवढ्या अमेरिकेला गेल्या.

पुढचं सगळं दीड महिन्यात आटोपलं. वॉलमार्टने फेब्रुवारीच्या १५ ला सांगितलं आता फक्त ब्लू-रे विकू, आणि १९ तारखेला तोशिबाने, म्हणजे एचडी डीव्हीडीच्या पक्षाच्या पाटलाने, स्वतःच जाहीर केलं की बस, बंद. २००६ च्या मार्चमध्ये जपानात पहिला प्लेयर निघालेला, दोन वर्षं पण भरली नाहीत. नानांना मी काही सांगितलं नाही. त्यांना पेपरातून कळलं की मेव्हण्याच्या फोनवरून माहीत नाही, पण एक दिवस जेवताना भरिताचा घास घेता घेता नुसतं म्हणे, "मंग आता अमेरिकेत बी नाही भेटनार ना?"

भेटणार होत्या, आणि तीच एक मजा झाली. दुकानदारांनी माल उडवायला काढला, मेव्हणा पाच-सहा डॉलरला एक अशा बावीस डिस्क घेऊन बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगेतून पाठवत राहिला. रीजन नाही म्हणून सगळ्या चालल्या, ते माझं गणित बरोबरच होतं. चुकलं होतं दुसरंच. एचडी डीव्हीडीला रीजन नव्हता, पण त्याच मशीनमध्ये साधी डीव्हीडी टाकली तर तिचे रीजन वेगळे, आकड्यांचे, आणि तिच्यासाठी ते रीजन एकचं अमेरिकन मशीन, आणि आपल्याकडे निघालेल्या हॉलिवूडच्या डीव्हीडी रीजन पाचच्या, तोंडावर सांगायचं चालणार नाही. हिंदीतल्या ज्या सगळ्या रीजनच्या अन् एनटीएससी, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या पद्धतीच्या, होत्या त्या चालायच्या, आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या नाही. मोझर बेअर कंपनीने २००७ मध्येच ३४ रुपयांत डीव्हीडी आणलेली, अख्खं गाव त्या बघत होतं, आणि गावातल्या सगळ्यात भारी मशीनचा मालक ८०० रुपयांच्या चायनीज प्लेयरवर त्या लावत होता, मोठ्या प्लेयरच्या डोक्यावर तो छोटा ठेवून.

ब्लू-रे मी घेतला २०११ ला, जळगावातून, बिलासकट, इथल्याच व्होल्टेजचा. यावेळी प्लेयरकडे बघायच्या आधी काउंटरवरच्या पोराला विचारलं डिस्क कुठे आहेत, त्याने एक कप्पा दाखवला, फार नव्हत्या, पण होत्या. मेव्हणा अजून अमेरिकेहून पाठवतो त्यातल्या ज्यांच्यावर रीजन ए ची सक्ती आहे त्या चालत नाहीत, बाकीच्या चालतात, आता मी फोनवरच त्याला खोक्याच्या मागची बाजू वाचून दाखवायला लावतो.

ट्रान्सफॉर्मर अजून आहे, बहिणीने आणलेलं अमेरिकन मिक्सर त्याच्यावर चालवायला गेलो होतो तर मिस्तरी दुकानातून ओरडत आला, तेवढा लोड नाही घेणार तो. जुना प्लेयर पण चालू आहे. बावीसपैकी सहा डिस्क मात्र आता मध्येच अडकतात, निम्मा पिच्चर झाला की चित्र गोठतं, दुसऱ्या थरावर जायच्या वेळेला. त्या सहा नानांनी मागून घेतल्या आणि ज्वारी दाण्यात आल्यावर वावरात दोरी बांधून टांगल्या, भोरड्या यायला नको म्हणून. उन्हात काय चमकत होत्या. भोरड्या चार दिवस बिचकल्या, पाचव्या दिवशी त्याच दोरीवर ओळीने येऊन बसल्या.