दहा मिलिमीटर मागे

नकाशा कापडावर हाताने रंगवलेला होता. रुंदी दोन मीटरच्या आसपास, आणि त्यावरची सगळ्यात बारीक गावांची नावं जेमतेम एक मिलिमीटर उंचीची. तुकड्यातुकड्यांनी फोटो घेऊन ते जोडायचे होते, आणि ती नावं पडद्यावर स्वच्छ वाचता आली पाहिजेत ही संग्रहालयाची मुख्य अट होती. काम घेतलं होतं एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी. मी त्यांना सर म्हणते. फिल्मच्या काळापासून ते एकाच चौकोनी फॉरमॅटच्या कॅमेऱ्यावर काम करत आले आहेत. अलीकडे त्याच कॅमेऱ्याच्या पाठीला त्यांनी एक वापरलेली डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या जागी बसणारा सेन्सरचा डबा, लावली होती. मी डिजिटायझेशनमध्ये काम करते. जुन्या वस्तूंचे फोटो ठरलेल्या दर्जाला उतरतात की नाही हे बघणं आणि उतरत नसतील तर कारण शोधणं, हा माझा रोजचा उद्योग.

सरांचा निरोप असा होता: "लेन्स गेली. उजवी बाजू उठतच नाही. नवी घ्यायच्या आधी एकदा येऊन बघून जा."

बॅक ३९ मेगापिक्सेलची. सीसीडी सेन्सर ४९ बाय ३७ मिलिमीटरचा, त्यावर ७२१६ बाय ५४१२ पिक्सेल, एकेक पिक्सेल ६.८ मायक्रॉनचा. वय झालेली बॅक, पण तिच्या फाइली आजही डोळ्यात भरतात, कारण सेन्सरच्या पुढे प्रतिमा मुद्दाम मऊ करणारा फिल्टर नसतो. लेन्स जे देईल ते सरळ सेन्सरवर येतं. म्हणून अशा बॅकची फाइल शंभर टक्क्यांवर उघडून ती मऊ दिसली, तर मी आधी बॅकवर किंवा लेन्सवर बोट ठेवत नाही. त्या दोघांच्या मध्ये आणि आजूबाजूला बरंच काही असतं.

सरांनी दोन प्रकारच्या फाइली दाखवल्या. पहिल्या एफ/२२ च्या, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप बारीक केलेल्या (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). सगळ्या सारख्याच धूसर, कुठेच धार नाही. दुसऱ्या एफ/११ च्या. त्यांत डावीकडची नावं खणखणीत, मध्यभाग जरा ढिला आणि उजवीकडे अक्षरांचा नुसता काला. हे बघून कुणालाही वाटेल की लेन्सच्या आतली एखादी काच तिरकी बसली आहे. सरांनाही तेच वाटलं होतं, आणि तो तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. एक बाजू शार्प आणि दुसरी सॉफ्ट, हे लेन्स बिघडल्याचं नेहमीचं लक्षण आहे. पण ते इतरही बिघाडांचं लक्षण आहे.

एफ/२२ चा उलगडा लगेच झाला. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता छोटी चकती होते. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचं गणित मांडलं. हिरव्या प्रकाशासाठी एफ/११ ला या चकतीचा व्यास सुमारे १५ मायक्रॉन येतो, म्हणजे या सेन्सरवर दोनेक पिक्सेल. एफ/२२ ला तो ३० मायक्रॉनच्या जवळ जातो, चार पिक्सेलांहून जास्त. फिल्मवर सपाट वस्तूचं काम करताना 'बंद केलेलं बरं' म्हणून एफ/२२ लावायची सवय कितीतरी जणांना असते आणि फिल्मवर ती बहुतेक वेळा खपूनही जाते. या बॅकवर ती सगळ्या चौकटीची धार घालवते, आणि दुसरे दोष असतील तर तेही त्या धूसरपणात लपवते.

मग एफ/११ वर यायचं. माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: हे हललेलं आहे की फोकस चुकलेलं आहे? हललेल्या फोटोत बिंदूची रेघ होते, फोकस चुकलेल्यात चकती. सर एलईडी दिव्यांवर पाव सेकंदाचं एक्स्पोजर देत होते. धक्का बसू नये म्हणून कॅमेऱ्यातला आरसा आधीच वर उचलून, बटणाला हात न लावता केबल रिलीजने. तरीही काही फाइलींत अक्षरं एका दिशेने दुहेरी झालेली होती. मजला लाकडी होता आणि शेजारच्या खोलीत माणसांची ये-जा चालू होती. दिवे बंद करून फ्लॅश लावले. फ्लॅशचा झोत पाव सेकंदाच्या मानाने शेकडो पटींनी छोटा, त्यामुळे मजल्याची थरथर त्यात सापडत नाही. दुहेरी अक्षरं गेली. उजवी बाजू मात्र तशीच राहिली. म्हणजे खरा प्रश्न फोकसचा होता.

नकाशा बाजूला नेऊन ठेवला. ज्याला हात लावायलाही भीती वाटते अशी वस्तू समोर ठेवून चाचण्या करू नयेत. नकाशा ज्यावर लावला होता त्या फलकासमोर एक पोलादी मोजपट्टी पंचेचाळीस अंशांत तिरकी लावली, लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून एफ/४ वर आणलं आणि सरांना म्हटलं, "तुम्हीच फोकस करा. मधल्या खुणेवर." त्यांचा डोळा माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे. त्यांनी भिंग लावून कॅमेऱ्याच्या वरच्या काचेच्या स्क्रीनवर फोकस केला, फोटो घेतला. संगणकाच्या पडद्यावर पट्टीचा सगळ्यात शार्प भाग मधल्या खुणेवर नव्हताच; तो मागे होता. फोकस पूर्ण मोडून पुन्हा करायला लावला. पुन्हा मागे, आणि तेवढाच. डोळ्याची चूक कधी पुढे पडते, कधी मागे. दर वेळी एकाच दिशेला, एकाच मापाने चूक येते तेव्हा ती यंत्राची असते.

आता १२० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे जवळच्या कामाची सरांची नेहमीची लेन्स, काढून ८० मिलिमीटरची लावली. तिच्यावरही शार्प भाग मागेच. दोन वेगळ्या लेन्स एकच खोड दाखवत असतील, तर खोड कॅमेऱ्याच्या पेटीत आहे.

सर बराच वेळ पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आयुष्यभर याच पेटीतून बघत आलोय मी. तेव्हा कसं दिसलं नाही?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर शोधताना मला सगळ्यात जास्त आनंद झाला. अशा कॅमेऱ्यात डोळा आणि सेन्सर एकच प्रतिमा बघत नाहीत. लेन्समधून आलेला प्रकाश पंचेचाळीस अंशांतल्या आरशावर आपटून वर स्क्रीनकडे जातो. तो आपण बघतो. आरसा उचलला की तोच प्रकाश सरळ मागे सेन्सरवर जातो. हे दोन रस्ते तंतोतंत सारख्या लांबीचे असतील तरच स्क्रीनवरचा फोकस हा सेन्सरवरचा फोकस ठरतो. आमचं प्रमाण १:१० होतं, वस्तूचा दहावा भाग सेन्सरवर. या प्रमाणात सेन्सरपाशी झालेली चूक वस्तूपाशी दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभर पटींनी वाढून दिसते. मॅक्रोने घेतलेल्या फोटोत, तिरकस पट्टीचा हिशेब करून, शार्प भाग साधारण दहा मिलिमीटर मागे पडत होता. त्याला शंभराने भागलं की ०.१ मिलिमीटर. दोन रस्त्यांत एवढाच फरक!

तोही सगळा आरशात असेल तर आरसा त्याहून कमी हललेला असणार. आरसा मागे खचला की लेन्सपासून आरशापर्यंतची वाट वाढते आणि आरशापासून स्क्रीनपर्यंतचीही. एकूण वाढ खचण्याच्या १.४ पट. म्हणजे आरसा ०.०७ मिलिमीटर खचलेला पुरे, एखाद्या केसाच्या जाडीइतका. आणि मागे खचलेल्या आरशामुळे शार्प पातळी वस्तूच्या मागेच पडायला हवी. दिशाही जुळत होती.

फिल्मवर ०.१ मिलिमीटर का दिसलं नाही? एफ/४ ला एवढ्या चुकीने २५ मायक्रॉनची चकती होते, पण सर एफ/४ वर कधी काम करतच नव्हते. एफ/२२ ला ती पाचेक मायक्रॉनवर येते. त्यात रोल फिल्म पाठीमागच्या दाबपट्टीखालीही अगदी सपाट राहत नाही, थोडी फुगतेच. तिला स्वतःचे कण असतात. आणि फिल्मचा फोटो कुणी शंभर टक्क्यांवर उघडून पिक्सेल मोजत नव्हतं. आरशाची चूक कदाचित कितीतरी वर्षं तिथे होती. तिला उघडं पाडणारा सेन्सर आत्ता आला.

पण एवढ्याने उजव्या बाजूचं कोडं सुटत नव्हतं. फोकस मागे पडला तर सगळी चौकट सारखीच मऊ व्हायला हवी. सरांनी कॅमेरा स्पिरिट लेव्हलने सरळ केला होता, फलकही. लेव्हल कॅमेरा पुढे-मागे झुकला की सांगते, बाजूला कलला की सांगते. पण तो डावीकडे किंवा उजवीकडे वळलेला असेल तर तिला त्याचा पत्ताच लागत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने तिन्ही स्थिती सारख्याच. म्हणून मी फलकाच्या मध्यावर एक सपाट आरसा टेकवला आणि सरांना म्हटलं, "आता लेन्सचं प्रतिबिंब शोधा." प्रतिबिंब दुप्पट अंतरावर असतं, त्यासाठी फोकस लांबवावा लागतो. लेन्स स्वतःला चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसली, की सेन्सर आणि फलक समांतर. आमची लेन्स मध्यापासून दोन सेंटिमीटरहून जास्त सरकलेली दिसली. अंतर सव्वा मीटरच्या थोडं वर होतं, म्हणजे कॅमेरा साधारण एक अंश वळलेला होता.

आता सगळी आकडेमोड एका कागदावर बसली. १:१० ला एफ/११ वर, एका पिक्सेलएवढाच धूसरपणा चालवून घ्यायचा म्हटलं, तर शार्प पातळीच्या पुढे-मागे आठ-आठ मिलिमीटर जागा मिळते. चौकट नकाशावर ४९ सेंटिमीटर रुंद. एक अंशाने तिची एक कड चार मिलिमीटर लांब गेली होती आणि दुसरी तेवढीच जवळ आली होती. मध्यावर चूक दहाची, जागेच्या जरा बाहेर. डावीकडे दहातून चार वजा, सहा, आत. उजवीकडे दहा अधिक चार, चौदा, पार बाहेर. डावी बाजू खणखणीत, मध्य ढिला, उजवीकडे काला! दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळून लेन्सच्या बिघाडाचं हुबेहूब सोंग घेऊन उभे होते. यांतला नुसता आरशाचा दोष असता तर सगळी चौकट किंचित मऊ झाली असती. नुसता वळण्याचा असता तर बहुधा कुणाला कळलंही नसतं.

कॅमेरा वळवून प्रतिबिंब मध्यावर आणलं. पेटीतल्या आरशाची दुरुस्ती त्या दिवशी शक्य नव्हती, आणि या बॅकवर फोकससाठी भरवसा ठेवावा असं लाइव्ह व्ह्यू, म्हणजे सेन्सरवरचं चित्र थेट बघायची सोय, नाही. म्हणून स्क्रीनवर फोकस करायचा आणि मग स्टँडच्या स्क्रूने कॅमेरा दहा मिलिमीटर मागे घ्यायचा, असं ठरवलं. शार्प पातळी मागे पडते ना, मग कॅमेराच तेवढा मागे नेला की ती नकाशावर येते. पट्टीवर खात्री केली. नकाशा पुन्हा फलकावर चढवला. एफ/११, फ्लॅश.

फाइल उघडली तेव्हा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नावं वाचता येत होती. शाई कापडात किंचित झिरपून अक्षराच्या कडा कशा फुटल्या होत्या तेही दिसत होतं. सर खुर्ची ओढून बसले आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. मधेच थांबले. "हे काय? हे इंद्रधनुष्य कुठून आलं?"

नकाशाच्या मोकळ्या भागात हिरवे-जांभळे पट्टे उमटले होते. मॉइरे. कापडाची वीण आणि पिक्सेलांची जाळी यांचा मेळ बसला की असे खोटे रंग येतात. १:१० ला एक पिक्सेल नकाशावरचा ०.०७ मिलिमीटर टिपतो. वीण त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर असली की सेन्सर फसतो. आदल्या फाइलींत हे नव्हतं, कारण तिथे वीणच पोचत नव्हती. सरांना वाटलं नवीन काहीतरी बिघडलं. मी म्हटलं, "सर, तुमची लेन्स कापडाचा एकेक धागा सेन्सरपर्यंत पोचवतेय. बिघडलेल्या लेन्सला हे जमत नाही."

पट्टे सॉफ्टवेअरने पुसता येतात, पण रंगवलेल्या नकाशावर ते करणं मला पटत नाही. खोट्या रंगाबरोबर खराही थोडा जातो. आम्ही कॅमेरा जवळ नेला, १:७ वर. तुकडे वाढले, पण एक पिक्सेल आता ०.०५ मिलिमीटरपेक्षाही कमी टिपत होता आणि धागे सुटे दिसू लागले. प्रमाण बदललं की सगळे हिशेब बदलतात. आरशाची तीच ०.१ मिलिमीटरची चूक आता सातच्या वर्गाने वाढणार, म्हणजे कॅमेरा मागे घ्यायचा तो फक्त पाच मिलिमीटर. मोकळी जागाही पुढे-मागे चारच मिलिमीटर उरली. इथे एक अंशाच्या वळणानेच त्यातली बरीचशी जागा खाल्ली असती. फलकावरचा आरसा पुन्हा लावून प्रतिबिंब पुन्हा तपासलं.

शार्पनिंगबद्दल, म्हणजे सॉफ्टवेअरने कडा ठळक करण्याबद्दल, एवढंच सांगते. सरांच्या आधीच्या फाइलींवर कुणीतरी ते भरपूर चढवलेलं होतं, आणि काल्याच्या कडेला पांढऱ्या रेषा उठल्या होत्या. जी अक्षरं सेन्सरवर आलीच नाहीत ती स्लायडर आणू शकत नाही. नव्या फाइलींना एक पिक्सेलहून कमी त्रिज्येचं, अगदी हलकं शार्पनिंग पुरलं.

पुढच्या आठवड्यात पेटी दुरुस्तीला गेली. आरशामागे टेकू म्हणून लावलेला फोम जुना होऊन चिकट झाला होता. कारागिराने चिमट्याने स्पर्श केला तसा त्याचा काळा भुगा झाला. नवीन फोम बसवून आरशाची जागा नीट केल्यावर पट्टीची चाचणी पुन्हा केली. एफ/४ ला शार्प भाग बरोबर मधल्या खुणेवर, दोन्ही लेन्सवर.

नवी लेन्स घ्यायची गोष्ट तिथेच संपली. कोपऱ्यांत जुनी एफ/५.६ ला थोडी ढिली पडते, हे खरं आहे. एफ/११ ला ते राहत नाही. नकाशाचे उरलेले तुकडे सरांनी स्वतःच घेतले. प्रत्येक वेळी आधी फलकावर आरसा, मग तिरकी पट्टी, आणि दोन्ही जुळल्यावरच नकाशा, असा क्रम त्यांनी स्वतः लिहून स्टँडला चिकटवला आहे.