चारशे बाराची किल्ली

दुपारी पर्स उलटी केली. शोधत होते पेन, निघालं एक पांढरं कार्ड. बँकेचं नाही, ग्रंथालयाचंही नाही. कोपऱ्यात एक बाण, बाकी कोरं. मग आठवलं. तीन महिन्यांपूर्वी आम्ही सगळे शहराच्या ऐन मध्यावरच्या एका बड्या हॉटेलात तीन रात्री राहिलो होतो, त्या खोलीची ही किल्ली. म्हणजे होती. खोली सोडायची वेळ टळली आणि तिचं किल्लीपण संपलं. खोली कितवी होती तेही तिला ठाऊक नाही. नंबर होता तो कार्डाबरोबर दिलेल्या कागदी पाकिटावर. काउंटरवरच्या मुलीने तो पेनाने गोल करून, तोंडातून चकार शब्द न काढता, पाकीट आमच्याकडे फिरवलं होतं. चारचौघांत खोलीचा नंबर बोलायचा नाही, अशी त्यांची रीत असते. माझ्या नवऱ्याने तो मोठ्याने वाचला. अख्ख्या लॉबीला कळला.

किल्ली कशी असावी, तर चारशे बाराची होती तशी.

मी तेव्हा नऊ वर्षांची, भाऊ सहाचा. बाबांच्या कंपनीची कसलीशी परिषद होती आणि कुटुंबाला आणायची परवानगी होती, नाहीतर तसल्या हॉटेलात आम्ही कशाला जातोय! खोली चौथ्या मजल्यावर. खिडकीखाली शहराचा सगळ्यात गजबजलेला चौक, पण जाड काचेमुळे आवाज शून्य. गाड्या, माणसं, शिट्टी फुंकणारा पोलीस, सगळं मुकं. भाऊ काचेला नाक लावून त्या पोलिसाच्या वतीने शिट्ट्या मारत बसायचा.

किल्लीला पेरूएवढा पितळी लोलक होता आणि त्यावर खोल कोरलेला ४१२. तो एवढा जड कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं. पाहुण्याला खिशात बाळगणं नको व्हावं आणि बाहेर पडताना त्याने ती आपणहून काउंटरवर ठेवावी, यासाठी. बाबांपुढे ही युक्ती चालली नाही. “खोली आपली, किल्ली आपली. दुसऱ्याच्या हाती कशाला द्यायची?” असं म्हणून त्यांनी ती पँटच्या उजव्या खिशात टाकली आणि तीन दिवस तिथेच ठेवली. पँट एका बाजूने ओघळायची. बाबा किंचित उजवीकडे झुकून चालायचे आणि दर पावलाला लोलक सुट्या नाण्यांवर आपटून खळ्‌ वाजायचा. त्या आवाजामागून आम्ही तिघं.

आईची वेगळीच लढाई चालू होती. पलंगाची चादर गादीखाली चारी बाजूंनी इतकी घट्ट खोचलेली असायची, की आत शिरणं म्हणजे पाकिटात पत्र सरकवणं. रोज रात्री आई ती ओढून काढायची. रोज सकाळी ती पुन्हा खोचलेली. खोचणाऱ्या माणसाला आम्ही एकदाही पाहिलं नाही. आई मात्र त्याच्यासाठी खोली आवरून ठेवायची, बेसिन पुसायची, टॉवेलांच्या घड्या घालायची. “लोक काय म्हणतील, अशी राहतात माणसं?” मीही अजून हे दोन्ही करते. आधी चादर उपसते, मग खोली आवरते. खोली आवरायला माणूस येणार म्हणून खोली आवरण्याला काय म्हणावं ते म्हणा.

तर दुसऱ्या दिवसाची दुपार. आई आम्हाला खाली कारंजं दाखवायला घेऊन गेली, परत वर आलो तर दाराला कुलूप आणि किल्ली बाबांच्या खिशात. बाबा परिषदेत. खाली जाऊन सांगितलं असतं तर कुणीतरी येऊन दार उघडून दिलं असतं. आई ढिम्म हलेना. “काय सांगू खाली जाऊन? आम्हाला आमच्याच खोलीत जाता येत नाही म्हणून?” आणि आम्ही तिघं त्या जाडजूड गालिच्यावर, दाराला पाठ टेकून बसलो.

दीड तास तरी बसलो असू. हॉटेलातल्या त्या तीन दिवसांतली माझी सगळ्यात ठळक आठवण हीच. खोलीत काय काय होतं, आठवत नाही. कॉरिडॉर आठवतो. दोन्ही बाजूंना सारखी दारं, एका दाराशी झाकण घातलेला उष्टा ट्रे, पायांचा आवाज गिळणारा गालिचा. दूरवर लिफ्टचं टिंग झालं की आमच्या तीन माना एकदम वळायच्या. भावाने पावलाला पाऊल लावून तो कॉरिडॉर मोजला, एकशे शहाऐंशी भरला. येताना त्याने लिफ्टमधली सगळी बटणं वाचली होती. “आई, बारानंतर एकदम चौदा आहे. तेरावा मजला कुणी नेला?” “बाबांना विचार.” त्या दुपारी सगळंच बाबांना विचारायचं होतं. मग ट्रे उचलायला आलेल्या एका गणवेशातल्या माणसाने काही न विचारता कुठूनशी एक खुर्ची आणून ठेवली. आई तिच्या कडेवर बसली, पाहुण्यांच्या घरी बसावं तशी.

शेवटी कॉरिडॉरच्या टोकाशी खळ्‌ वाजलं.

त्यानंतरही किल्ली काउंटरवर गेली नाहीच. उलट ती आमच्या घरी आली. पोचल्यावर पँट धुवायला टाकताना सापडली. बाबांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. दुसऱ्याच दिवशी किल्ली कापडात गुंडाळून, दोन पानी माफीपत्रासह, पोस्टाने रवाना. हॉटेलचं उत्तर आलं, जाड कागदावर, तीन ओळींचं. आभार आणि पुन्हा यायचं आमंत्रण. ते पत्र बाबांनी जपून ठेवलं. पुन्हा काही आम्ही गेलो नाही.

खोलीला स्वतःचं कुलूप असणं हीच एके काळी चैन होती म्हणे. जुन्या खानावळ-सरायांत अनोळखी प्रवाशाशेजारी झोपायची तयारी ठेवावी लागे. बोस्टनला १८२९ साली ट्रेमाँट हाऊस उघडलं, तिथे प्रत्येक पाहुण्याला कुलूपबंद खोली मिळायची आणि वर साबण फुकट. म्हणजे हॉटेलातला साबण पळवण्याच्या परंपरेला दोनशे वर्षं होत आली. कार्डाची किल्ली आली १९७०च्या दशकात, टोर सोर्नेस नावाच्या नॉर्वेजियन माणसाच्या डोक्यातून. प्लॅस्टिकचं कार्ड आणि त्यात भोकं. ३२ जागा, प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल. नक्षी बदलली की किल्ली बदलली, कुलूप खोलायला नको. अशा नक्ष्या ४०० कोटींहून जास्त होतात आणि जगात तेव्हा माणसंही साधारण ४०० कोटीच होती. माणशी एक किल्ली! आमच्याकडे चौघांत एक होती.

आता खरी किल्ली दिसते ती फक्त कोटावर. मोठ्या हॉटेलांत मदतीला बसलेल्या काही जणांच्या कॉलरवर दोन सोनेरी किल्ल्यांची फुली असते. ती त्यांच्या संघटनेची खूण, पॅरिसमध्ये १९२९ साली सुरू झालेल्या. त्या किल्ल्यांनी कुठलंही दार उघडत नाही.

या वेळी आम्हाला कार्डं भरपूर मिळाली. दोन खोल्या, चार कार्डं. मुलं त्यांच्या वेळेला येणार, आम्ही आमच्या. कुणी कुणासाठी थांबायचं कारण नाही. फक्त दाराशेजारच्या खाचेत कार्ड असेपर्यंतच दिवे चालतात, हे नवऱ्याच्या लक्षात राहिलं नाही. पहिल्याच सकाळी तो खाचेतलं कार्ड उपसून फिरायला गेला आणि अर्ध्या मिनिटाने मी न्हाणीघरात मिट्ट काळोखात, डोक्यावर फेस. चाचपडत बाहेर आले, पर्समधलं कार्ड शोधलं, तेही फेसाच्या हाताने. परत आल्यावर म्हणतो, “अगं, पण मी दार नीट लावून गेलो होतो.”

आई आमच्याबरोबर होती. मुलांच्या खोलीत. तिला कार्ड जमेना. हिरवा दिवा लागला की लगेच दांडी दाबायची असते. ती दिवा नीट लागलाय याची खात्री करून घ्यायची, तोवर तो विझलेला. नातीने चार वेळा तालीम घेतली. पाचव्यांदा जमलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच बाहेरून आले. लिफ्टचं टिंग झालं, दार सरकलं आणि कॉरिडॉरमध्ये शोभेच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर आई. कडेवर बसलेली. मान माझ्याकडे वळलेली. मांडीवर पर्स, हातात कार्ड.

“उघडत नाहीये का?”

“लावूनच नाही बघितलं.”

“मग बाहेर का बसलीस?”

“बसले आपली. येईल कुणीतरी म्हटलं.”

तिच्या हातातलं कार्ड घेऊन लावलं. पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा. दांडी दाबायची सोडून मी क्षणभर कॉरिडॉरच्या टोकाकडे बघत राहिले. दिवा विझला. पुन्हा लावावं लागलं.

आत्ता हे टाकून द्यावं म्हणून कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं होतं. मग परत पर्समध्ये टाकलं. काही हॉटेलांतल्या त्या खाचेला कुठलंही कार्ड चालतं म्हणतात. पेन अजून सापडलेलं नाही.