टाच दुखते म्हणून सगळ्यात मऊ शूज? जरा थांबा

सकाळी पलंगावरून उतरलं की पहिल्या चार-पाच पावलांना टाचेत कळ येते, चालायला लागलं की ओसरते. धावणाऱ्यांमध्ये हे बहुधा प्लांटर फॅसायटिस असतं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा तळव्यातला जाड पट्टा दुखावलेला असतो. मग दुकानात अंगठ्याने सोल दाबून जो जास्त दबेल तो जोड उचलला जातो. गडबड तिथेच होते. अति मऊ फोममध्ये टाच डुलते आणि पाऊल सावरताना त्याच पट्ट्यावर ताण येतो.

मागची टाचेची वाटी दाबून बघा, ती चेपता कामा नये. शूज वाकवला तर चवड्यापाशी वाकावा. मधोमध दुमडला किंवा ओल्या फडक्यासारखा पिळला गेला, तर परत ठेवा, कितीही सवलत असो.

ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, जरूर विचारा. टाच दुखत असेल, पोटरी आखडलेली असेल, तर ८ ते १२ मिमी बरा. ०-४ मिमीत पोटरीवर जास्त भार येतो. मॉडेलच्या नावावर मात्र जाऊ नका, त्याच मॉडेलची नवी आवृत्ती आली की ड्रॉप बदलू शकतो: होका कंपनीच्या क्लिफ्टन ९ चा ड्रॉप ५ मिमी, क्लिफ्टन १० चा ८ मिमी. ब्रूक्सच्या घोस्ट १६ चा १२ मिमी, तर घोस्ट १७ चा १० मिमी.

माप संध्याकाळी घ्यावं, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. धावायचेच मोजे घालून उभं राहा, मोठ्या पावलाच्या बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चवडा रुंद असेल तर एक नंबर मोठा घेऊन भागत नाही. टाच निसटते आणि शूज वाकायची जागा चवड्याच्या पुढे सरकते. वाइड, म्हणजे रुंद माप मागा: रुंदीची खूण पुरुषांसाठी २ई, बायकांसाठी डी.

साधारण ५०० ते ८०० किमी धावल्यावर सोलमधला फोम दबून बसतो. खालचं रबर नवं दिसतं, म्हणून हे लक्षातच येत नाही. टेबलावर ठेवून मागून बघा, एका बाजूला कलला असेल तर संपला. पावसात भिजला तर आतलं इनसोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात गोंद सुटतो.

रात्री पडल्यापडल्याही दुखत असेल, सूज असेल किंवा हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, तर शूज नंतर, आधी हाडांचे डॉक्टर.