मे महिन्यातलं भीमाशंकर

काल कर्जतकडच्या खांडस गावाहून गणेश घाटाच्या पायवाटेने भीमाशंकर केलं. एवढ्या उन्हात कशाला, असं घरचे म्हणत होते; पण हे रान उन्हाळ्यातही बघायलाच हवं.

खालचा टप्पा उघडा. कातळ तापलेला, शेजारी पदरगड. जीव नकोसा होतो. मग वरच्या झाडीत शिरलं की ऊन पानांवरच अडतं. करवंदं पिकलीत, तोडली की देठातून चीक येतो आणि बोटं दिवसभर चिकट.

आणि शेकरू दिसलं, ती मोठी रानखार! आधी खडखड आवाज, मग तांबूस पाठ, फिकट पोट, अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकून फळ खात होतं. किती वेळ बघत राहिलो! आपला राज्यप्राणी हा. जमिनीवर फारसा उतरत नाही, या झाडावरून त्या झाडावर उड्या मारत फिरतो. म्हणजे मधली झाडं तुटली की त्याचा रस्ताच तुटला. १९८५ साली इथे अभयारण्य झालं, म्हणून एवढं तरी उरलंय.

त्याच झाडाखाली प्लास्टिकच्या बाटल्यांचा ढीग होता. फार राग आला. मावल्या तेवढ्या सॅकमध्ये भरून आणल्या.

जाणार असाल तर पहाटेच चढायला लागा आणि पाणी घरूनच भरपूर न्या. वाटेत मिळेल या भरवशावर राहू नका.