तुम्ही विचारलंत म्हणून: फिंच की वटवाघूळ?

प्रश्न ठरलेला असतो. पिल्लं आवाज कसा शिकतात हे बघायचं तर झेब्रा फिंच हा छोटा गाणारा पक्षीच का? वटवाघूळ सस्तन आहे, स्वरयंत्र आपल्यासारखं आहे, पिल्लं तान्ह्या बाळासारखी बडबडतात. मग पक्ष्यालाच का धरून बसायचं? पनामा आणि कोस्टारिकातल्या वटवाघळाच्या 20 पिल्लांवरचं काम 2021 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं, तेव्हापासून तर विचारणाऱ्यानं उत्तरही ठरवूनच आणलेलं असतं.

ते वटवाघूळ म्हणजे सॅकॉप्टेरिक्स बिलिनीआटा. आपल्याकडे नाही, तेव्हा वडाखाली माइक लावून बसू नका. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झालं की बडबड सुरू होते आणि दूध सुटेपर्यंत चालते. एका दमात 43 मिनिटांपर्यंत.

छान आहे. पण बडबड ऐकू आली म्हणजे शिकणं सिद्ध झालं असं नाही. त्यासाठी गुरू, म्हणजे पिल्लू ज्याचं ऐकून शिकतं तो प्रौढ, बदलून बघावा लागतो. बेंगॉलीज फिंच या वेगळ्या जातीच्या जोडीनं वाढवलेला झेब्रा नर त्यांचं गाणं उचलतो. प्रौढ नराचा आवाज कानावर न पडता वाढला तर गाणं वेडंवाकडं होतं. साधारण 90 दिवसांत सगळं पक्कं, तेही पिंजऱ्यासमोर. जंगलातल्या वटवाघळाच्या बाबतीत गुरू कोण बदलणार? ‘मग पुरावाच नाही’ हे माझं आवडतं उत्तर, पण तेही टिकत नाही. 2010 च्या कामात पिल्लांचा आवाज आपल्या गटातल्या नराच्या हद्दीच्या गाण्याकडे (आपली जागा राखायला तो गातो ते) झुकताना दिसला, आणि तो नर बाप आहे की नाही यानं फरक पडला नाही. म्हणजे बदली निसर्गानंच करून ठेवलेली.

तरीही दोघांचे स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी किती उंच स्वर, याची चित्रं) शेजारी ठेवून ‘बघा, वटवाघळाचे स्वर किती रेखीव’ म्हणणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: विंडो, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा, किती घेतली? फिंचला 44.1 किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे सेकंदाला 44,100 नमुने, पुरतं. सॅकॉप्टेरिक्सचा बराच आवाज आपल्या कानापलीकडचा. दिशा शोधायची हाकच 45 किलोहर्ट्झच्या आसपास. साध्या रेकॉर्डरवर सॅम्पलिंगच्या निम्म्याच्या, म्हणजे 22 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं आणि पिल्लू अधूनमधून गप्प बसल्यासारखं दिसतं. म्हणून अल्ट्रासॉनिक माइक आणि 250 किलोहर्ट्झ सॅम्पलिंग. 16 बिटला मिनिटाला 30 एमबी, ती 43 मिनिटं म्हणजे सुमारे 1.3 जीबी. कार्ड आधी रिकामं करा.

खरा घोटाळा नंतर होतो. सॉफ्टवेअरमध्ये विंडोचा आकार दोन्हीकडे 1024 नमुने तसाच राहू दिला, तर फिंचची विंडो 23 मिलिसेकंदांची होते आणि वटवाघळाची 4 ची. फिंचचे स्वर पिठल्यासारखे पसरतात, वटवाघळाचे सुईसारखे टोकदार दिसतात, आणि हा फरक प्राण्यांचा समजून निबंध लिहिले जातात. विंडो मिलिसेकंदात जुळवा: 250 किलोहर्ट्झला 1024 नमुने, तर 44.1 ला 180 च्या आसपास. फिंचच्या हार्मोनिक रेषा (मूळ स्वराच्या पटीतल्या, एकावर एक दिसणाऱ्या) पुसट होतील. त्या मोजायच्या असतील तर वेगळा, लांब विंडोचा स्पेक्ट्रोग्राम काढा.

हे सगळं नीट केलं तरी फिंचच्या बाजूनं मी पूर्ण बोलू शकत नाही. त्याच्यात गाणं फक्त नर शिकतो. सॅकॉप्टेरिक्समध्ये बडबडतात नर-मादी दोन्ही पिल्लं, हद्दीच्या गाण्यातल्या स्वरांसकट. मोठी झाल्यावर मादी ते गाणं गात नाही. मग ती ते घोकते कशासाठी? फिंचच्या पिंजऱ्यासमोर कितीही बसलं तरी याचं उत्तर मिळायचं नाही.