गळका पेट्रोल कॉक: बदलू की दुरुस्त करू?

तुम्ही विचारलंत म्हणून. जुन्या मोटारसायकलचा पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोल चालू-बंद करायची तोटी, गळायला लागला की नवा आणावा की आहे तोच नीट करावा? कॉक पितळेचा असेल तर आधी दुरुस्ती, हे माझं ठाम मत. पितळ सहसा धड असतं. जातं ते सील.

गळती कुठून आहे ते आधी बघा. पेट्रोल ओघळत खाली येतं, थेंब नळीच्या टोकाला लोंबतो आणि दोष नळीवर येतो. कॉक पुसून कोरडा करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा, दहा मिनिटं थांबा. पांढऱ्या थरात ओली रेघ जिथून सुरू होते, गळती तिथली. टाकीच्या आट्यांपाशी असेल तर वायसर गेलेलं असतं. कॉक उघडायच्या दांड्यापाशी असेल तर आतलं सील. बाहेरून सगळं कोरडं आणि बंद कॉकमधूनही कार्बोरेटरकडे पेट्रोल उतरतंय, तर कॉक आतून धरत नाही. अशा वेळी फ्लोटची सुई (कार्बोरेटर भरला की पेट्रोल थांबवते ती) जरा अडकली की कार्बोरेटर ओसंडतो. कॉक खोलण्याआधी टाकी रिकामी करा, उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून लांब.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या ओढायच्या-ढकलायच्या कॉकमध्ये सील बुचाचं (कॉर्कचं) असतं. टाकी महिनोन्महिने कोरडी राहिली की बूच आक्रसतं. दांडा बाहेर ओढून बूच दहा मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवा. बहुतेक वेळा ते फुगून पुन्हा घट्ट बसतं. कडा भुगा होत असतील तर मात्र नवंच घाला, कारण तो भुगा थेट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जाऊन बसतो. बुचाऐवजी ओ-रिंग (रबरी कडं) घालणार असाल तर व्हायटॉन या इंधनात टिकणाऱ्या रबराची घ्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ती साध्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकते.

निमुळत्या खुंटीचा, मूठ फिरवायचा कॉक असेल तर खुंटीवर मार्करने उभ्या रेघा ओढा, खुंटी बसवून थोडी फिरवा. रेघा जिथे पुसल्या जात नाहीत तिथे ती टेकत नाही. पितळेच्या पॉलिशने हलक्या हाताने मागे-पुढे घासून ती बसवा. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट वापरू नका, तिचे कण पितळेत रुततात आणि पुढेही खात राहतात. नंतर पेट्रोलमध्ये न विरघळणारं ग्रीस, अगदी पुसट, भोक सोडून.

नवाच घ्यायचा झाला तर आधी आटे मोजा. ब्रिटिश गाड्यांवर बहुधा पाव इंची बीएसपी (ब्रिटिश पाइप आट्यांचं माप) असतो. नावात पाव इंच असलं तरी आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे 13.16 मिमी भरतो, इंचाला 19 आटे. दिसायला जवळपास तसाच मेट्रिक कॉक जोर लावून फिरवला की टाकीचे आटे जातात, आणि ती दुरुस्ती कॉकपेक्षा फार मोठी. रिझर्व्हची (तळाशी राखून ठेवलेल्या पेट्रोलची) उभी नळी आत आहे ना, तेही पाहा. ती नसेल तर रिझर्व्ह उरतच नाही.

बसवताना टाकीच्या तोंडाला बाँडेड वायसर (धातूच्या कड्याला रबर चिकटवलेलं) घाला. टेफ्लॉन टेप नको. तिचे धागे सुटून जेट बुजवतात. खालची नट सोडताना-आवळताना कॉक दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर ताण टाकीच्या जोडावर येतो.

शेवटी प्रवाह मोजा. ताशी 100 किमी वेगाने, लिटरला 25 किमी देणारी गाडी तासाला 4 लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 67 मिली पेट्रोल पिते. पूर्ण थ्रॉटलला याहून बरंच जास्त. म्हणून टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून, नळीचं टोक कार्बोरेटरच्या उंचीला धरून, मिनिटाला 200 मिली तरी मिळायला हवं. मोजमाप दोनदा करा: एकदा टाकीचं झाकण उघडं ठेवून, एकदा लावून. झाकण लावल्यावर धार बारीक होत गेली तर कॉकला हात लावू नका, झाकणातलं हवेचं भोक साफ करा.